बोटीतला दिवाणखाना

सासुरवाडीला गेल्यावर जावईबापूंना एकच काम असे, ते म्हणजे बसणं. दुसरं काही करायला त्यांना कोणी देतच नसे. ते आले की आतून हातांची खुर्ची बाहेर यायची, सासूबाई ती फडक्याने पुसायच्या आणि मग सगळं घर त्यांच्या अवतीभवती कामाला लागायचं. कोणी जाळी शिवतंय, कोणी बर्फ फोडतंय, कोणी टोपल्या धुतंय, आणि मधोमध इस्त्रीच्या शर्टात जावईबापू. समारंभाच्या अध्यक्षासारखे बसलेले, फक्त समारंभ तेवढा नाही. अर्धवट उठून ते एखाद्या टोपलीला हात लावायला गेले, की चारी बाजूंनी एकच गलका व्हायचा, "अहो भाऊजी, तुम्ही कशाला? बसा, बसा!"

हे मासेमारी करणाऱ्यांचं घर. त्यांनी थोरली मुलगी दिली ती एका ऑफिसातल्या माणसाला. तेव्हाच सासूबाईंनी घरात कायदा करून टाकला होता, की जावयाला 'नाही' म्हणायचं नाही, 'अरे' म्हणायचं नाही आणि त्याची चूक काढायची नाही. बोट होती धाकट्या मेहुण्याची. हा गृहस्थ एरवी खलाशांशी बोलायला लागला की किनाऱ्यावरची कुत्री उठून लांब जाऊन बसत. पण जावईबापूंशी बोलताना तो लग्नपत्रिका वाचून दाखवल्यासारखा बोले. "भाऊजी, प्रवास सुखाचा झाला ना? भाऊजी, पाणी आणू का?"

बाहेरच्या माणसाला हा मान वाटेल. जावईबापूंना तो पाणउतारा वाटायचा. ऑफिसात त्यांच्या हाताखाली एक अख्खा विभाग होता. त्या विभागातली टेबलं हलवून नवी बैठकव्यवस्था त्यांनी केली होती, आणि तेव्हापासून टपाल दोन टेबलं कमी फिरतं असं ते स्वतः सांगत. (टपाल कुठेच पोचत नाही, असं टपालवाला सांगे, पण त्याचं टेबल जिन्याखाली गेलं होतं, त्यामुळे त्याचं मत कलुषित असणार.) एवढा करता-सवरता माणूस, आणि सासुरवाडीत त्याची किंमत काय, तर शोभेची. त्यांची फार मोठी अपेक्षा नव्हती. मेहुण्याने एकदा, निदान एकदा, खांद्यावर हात टाकून म्हणावं, 'चल रे, हे धर जरा.' बस. लग्नाला तीस वर्षं होत आली तरी एवढं काही झालं नव्हतं.

त्या वर्षी मासेमारी बंद असण्याच्या दिवसांत ते रजा घेऊन सासुरवाडीला आले आणि सहज म्हणून मेहुण्याची बोट बघायला गेले. बोट किनाऱ्यावर ओढून लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती. जावईबापू शिडीने वर गेले, केबिनच्या दारातून आत शिरले आणि त्यांचं कपाळ आडव्या वाशावर आपटलं. पुढे जे काही झालं ते त्या टेंगळातून उगवलं असं म्हणायला हरकत नाही.

आत अंधार होता. डाव्या कोपऱ्यात स्टो, त्याच्या शेजारी कोणाची तरी चड्डी, चड्डीवर चहाचं पातेलं. खलाशी झोपायचे ते जाळ्यांच्या ढिगावर. जमिनीत एक झाकण, त्याखाली इंजिन. पुढे, बोटीच्या पोटात, मासे आणि बर्फ ठेवायचा मोठा खण. सगळं जिथे हातातून पडलं तिथेच राहिलेलं.

"इथे काही व्यवस्थाच नाही," कपाळ चोळत जावईबापू म्हणाले.

"तसं आहे खरं, भाऊजी," मेहुणा म्हणाला. त्याला वाटलं, विषय संपला.

"मी करून देतो."

मेहुण्याने दारातून वाकून खाली आईकडे पाहिलं. सासूबाई शिडीखाली उभ्या होत्या. त्यांनी नुसते डोळे मोठे केले.

"तुमचे उपकार होतील, भाऊजी," मेहुणा म्हणाला.

घरी आल्यावर जावईबापूंच्या बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, आपल्या बाथरूमला आतून कडी लागत नाही. किती वर्षं झाली? आंघोळ करताना मोठ्याने गाणं म्हणावं लागतं मला. आधी ते करा. बोट कसली करताय?"

"तो तपशिलाचा भाग आहे," जावईबापू म्हणाले आणि आलेखाचा कागद आणायला बाहेर पडले.

माणूस आलेखाचा कागद घेऊन जिना चढताना दिसला की अख्ख्या इमारतीला वास लागतो. पहिले आले वरच्या मजल्यावरचे क्रूझवाले काका. हे गृहस्थ पूर्वी कधीतरी एका मोठ्या प्रवासी जहाजावर सुट्टी घालवून आले होते. त्यातला बराच काळ त्यांनी बेसिनपाशी काढला होता असं काकू सांगत, पण तेव्हापासून ते 'आम्ही समुद्रावर असताना' याखेरीज वाक्य सुरू करत नसत.

"आम्ही समुद्रावर असताना," काका म्हणाले, "माणसाला सगळ्यात जास्त गरज कशाची लागते माहितीय? ऐसपैस बसण्याची. खिडकी मोठी पाहिजे, समोर सोफा पाहिजे. नाहीतर समुद्र बघणार कसा?"

खलाशी समुद्र बघायला जात नाहीत, ही शंका जावईबापूंच्या मनाला शिवून गेली. पण ती तिथे फार वेळ थांबली नाही. त्यांनी नकाशात दिवाणखाना काढला.

मग शेजारच्या वहिनी आल्या. त्यांनी नुकतंच स्वयंपाकघर नवं करून घेतलं होतं आणि येईल त्याला खण ओढून दाखवत होत्या. "ट्रॉल्याच बसवा भावजी. बोटाने ओढलं की बाहेर, बोटाने ढकललं की आत. आमचाच मिस्त्री देते तुम्हाला, फार कल्पक आहे." ट्रॉल्या म्हणजे चाकांवर सरकणारे खण. दोन भिंतींना काटकोनात लावल्या की कोपरा वाया जात नाही, हेही वहिनींनी काढून दाखवलं. कोपऱ्यातल्या दोन ट्रॉल्या एकाच वेळी बाहेर आल्या तर काय होतं, हे मात्र त्या सांगायच्या विसरल्या. त्यांच्याकडे तसं दोनदा झालं होतं, आणि दुसऱ्या वेळी वहिनी आत अडकल्या होत्या.

या कल्पक मिस्त्रीच्या एका कानाला कायम फोन असे आणि दुसऱ्या कानाने तो तुमचं ऐके. काहीही विचारा, त्याचं उत्तर ठरलेलं, "होऊन जाईल साहेब." आयुष्यात त्याने बोट पाहिली होती ती फक्त लांबून. पण समुद्राला तो भ्यायला नाही. एका डॉक्टरांचं स्वयंपाकघर आपण पाचव्या मजल्यावर केलंय, असं त्याने सांगितलं. त्याचा इथे काय संबंध, हे जावईबापूंनी विचारलं नाही. त्यांना तो माणूस आवडला होता. त्यांना आजवर कोणी इतक्या वेळा साहेब म्हटलं नव्हतं.

मग परवानगी. बोटीच्या आतली रचना बदलायची तर बंदराच्या कार्यालयातून नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. जावईबापू तिथे गेले ते स्वारीवर निघाल्यासारखे, कारण ऑफिस हे त्यांचं मैदान. पण टेबलामागे जो बाबू बसला होता, त्याला पाहून ते चरकले. तोच उतरता चष्मा, तेच खालच्या कागदावरून न उचललेले डोळे, तोच हात जो माणसाला 'थांबा' असंही म्हणतो आणि 'माशी हाकलतोय' असंही. जावईबापूंना आरशासमोर उभं राहिल्यासारखं वाटलं. 'जेवणाची सुट्टी झाली', 'प्रत साक्षांकित नाही', 'हे आमच्याकडे येत नाही, समोर विचारा', या सगळ्या वाक्यांची चाल त्यांच्या स्वतःच्या गळ्यातली होती. पुढे काय येणार हे त्यांना आधीच कळत होतं आणि तरीही ते दर वेळी चीत होत होते.

तिसऱ्या खेपेला बाबूने नकाशा उलगडला. "हे काय?"

"दिवाणखाना."

"मासेमारीच्या बोटीत?"

"खलाशांच्या सोयीसाठी. समोरासमोर बसण्याची व्यवस्था, मोठी खिडकी..."

"बसण्याची व्यवस्था आणि खिडकी म्हणजे प्रवासी आले," बाबू शांतपणे म्हणाला. "ही प्रवासी बोट झाली. प्रवासी बोटीला मासे धरता येत नाहीत."

जावईबापूंच्या पायाखालची जमीन सरकली. मेहुण्याची बोट त्यांनी एका कागदावर बघता बघता प्रवासी करून टाकली होती. हंगाम तोंडावर आला होता. हंगामाचे पहिले आठवडे हुकले तर मेहुण्याचं वर्ष बुडणार, हे त्यांनाही कळत होतं. पण तीस वर्षांची नोकरी अशा वेळी उपयोगी पडते. त्यांनी खिशातून पेन काढलं, 'दिवाणखाना' खोडलं आणि वर लिहिलं, 'जाळी ठेवण्याची जागा'.

बाबूने पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आदर होता. एका जातिवंताने दुसऱ्याला ओळखलं होतं. "ठीक आहे," तो म्हणाला, "पण मी पाहणीला येईन तेव्हा तिथे जाळी दिसली पाहिजेत."

काम सुरू झालं. जुनं सगळं उपसून बाहेर फेकलं गेलं. पहिल्याच दिवशी मिस्त्रीने आपली पाणसळ, म्हणजे काचेच्या नळीत बुडबुडा असलेली ती पट्टी, जमिनीवर ठेवली आणि तोंडाने च् च् केलं. "साहेब, तुमची बोट लेव्हलमध्ये नाहीये."

खरंच नव्हती. ठोकळ्यांवर चढवलेली बोट पुढून वर आणि मागून खाली अशी तिरकी बसली होती. तिचा बुडबुडा पार एका टोकाला जाऊन उभा होता. जावईबापूंना हा जुन्या कारागिरांचा अडाणीपणा वाटला. इतकी वर्षं हे लोक तिरक्या बोटीत राहतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही!

"आपण सगळं लेव्हलमध्ये आणू," ते म्हणाले.

"होऊन जाईल साहेब."

आणि झालं. प्रत्येक पलंगाच्या, सोफ्याच्या आणि ट्रॉलीच्या मागच्या अंगाला पाचर ठोकून मिस्त्रीने बुडबुडा मधोमध आणला. काठोकाठ भरलेला चहाचा कप जावईबापूंनी नव्या ओट्यावर ठेवून पाहिला, थेंबही सांडला नाही. ते कौतुक दाखवायला त्यांनी मेहुण्याला वर बोलावलं. मेहुण्याने कप पाहिला, पाचरी पाहिल्या, खालचे ठोकळे पाहिले आणि त्याचं तोंड उघडलं.

"भाऊजी, पण बोट पाण्यात गेल्यावर..."

खालून सासूबाईंचा खोकला ऐकू आला.

"...फार छान दिसेल," मेहुणा म्हणाला.

असाच तो माशांच्या खणाच्या वेळीही गिळून बसला. पलंग पुरेसे लांब व्हावेत म्हणून जावईबापूंनी मधली भिंत पुढे सरकवली आणि खणातली बरीच जागा घेतली. "मासे काय, थोडे कमी आणले तरी चालतं," त्यांनी समजावलं. "माणसाची झोप महत्त्वाची." पिढ्यान्‌पिढ्या मासळीवर जगलेल्या त्या घरात हे वाक्य बोलणारा तो पहिलाच माणूस होता. मेहुण्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. "बरोबर आहे, भाऊजी," तो म्हणाला, आणि मागच्या मागे जाऊन एका खलाशावर विनाकारण इतका ओरडला की तो बिचारा नोकरी सोडून चालला होता.

बोटीवरच्या इंजिनवाल्याची गोष्ट निराळी. त्याला कशातच काही वावगं दिसेना. त्याने फक्त दाढीसाठी आरसा मागितला, तो मिळाला, आणि मग दिवसभर तो आरशासमोर उभा राहून 'काम एक नंबर' म्हणत राहिला. जमिनीतल्या इंजिनाच्या झाकणावर आता ट्रॉल्या उघडतात, हे बघणं खरं म्हणजे त्याचं काम. पण ट्रॉल्या तेव्हा बंद होत्या.

पाहणीला बाबू आला. कबूल केल्याप्रमाणे दिवाणखान्यात जाळी हवी होती, म्हणून सगळी जाळी आणून नव्या सोफ्यावर रचली. सोफा दिसेनासा झाला. खलाशी जाळ्यांवर बसले आणि चहा प्यायले, पूर्वी प्यायचे तसेच. बाबूने सही केली. जाताना तो जावईबापूंना हळूच म्हणाला, "कधी बदली झाली तर आमच्याकडे या." जावईबापूंना त्या दिवशी जेवण गोड लागलं.

मोठ्या भरतीला बोट पाण्यात ढकलली. सगळी वस्ती ओरडत होती, दोर ओढत होती. जावईबापूही दोराला हात लावायला धावले, पण "अहो तुम्ही कशाला" म्हणून त्यांना अलगद बाजूला काढून उंचवट्यावर उभं करण्यात आलं. बोट घसरली, पाण्याला लागली, दोनदा डुलली आणि झकास सरळ उभी राहिली. पाण्यात बोट सरळच राहते. ती तिरकी होती ठोकळ्यांमुळे.

हे जावईबापूंच्या लक्षात आलं ते आत गेल्यावर. बोट सरळ झाली होती आणि आतलं सगळं घर पुढच्या बाजूला कललं होतं. पलंगांवरच्या उशा पायथ्याशी जाऊन पडल्या होत्या. ओट्यावरचं पातेलं त्यांच्या डोळ्यांदेखत निघालं, सावकाश, कोणाला भेटायला चालल्यासारखं, आणि कडेवरून खाली गेलं. मग एक ट्रॉली आपण होऊन उघडली. जावईबापूंनी ती बोटाने ढकलली. ती बोटाने आत गेली आणि त्यांनी पाठ फिरवताच बाहेर आली.

"थोडा उतार आहे," ते मेहुण्याला म्हणाले.

"सवय होईल, भाऊजी," मेहुणा म्हणाला. त्याच्या आवाजात मात्र आता लग्नपत्रिका राहिली नव्हती.

पहिल्या फेरीला जावईबापूंनी बरोबर जावं असा सासूबाईंचा आग्रह पडला. एवढं केलं त्यांनी, मग मान त्यांचाच. निघाले. धक्क्याच्या खडकांना वळसा घालेपर्यंत जावईबापू केबिनच्या दारात उभे राहून, वाशाला धरून, खिडकीतून खरंच समुद्र बघत होते. आणि तेवढ्यात इंजिन खोकायला लागलं.

यात विशेष काही नव्हतं. एका टाकीतलं तेल संपलं की झाकण उघडून दुसऱ्या टाकीची चावी फिरवायची, हे इंजिनवाल्याचं रोजचं काम. तो आत गेला. आत झाकण नव्हतं. म्हणजे होतं, पण त्यावर डबे, तवे आणि तांदळासकट समोरच्या सगळ्या ट्रॉल्या उतारावरून येऊन ठाण मांडून बसल्या होत्या. त्याने त्या लोटल्या. त्या परत आल्या. दोन खलाशांनी मिळून लोटल्या, तोवर इंजिन बंद पडलं, बोट लाटांना आडवी झाली आणि बाजूच्या भिंतीतल्या ट्रॉल्याही धाडकन बाहेर आल्या. कोपऱ्यातल्या दोन ट्रॉल्यांची शिंगं एकमेकांत अडकली. आता त्या आतही जाईनात आणि बाहेरही येईनात. वाऱ्याने बोट हळूहळू खडकांकडे सरकत होती.

अशा वेळी ऑफिसातला माणूस जे करतो तेच जावईबापूंनी केलं. ते दारात उभे राहिले आणि सूचना देऊ लागले. "थांबा, घाई नको. आधी डावीकडची. नाही, तिच्या खालची. तिचं हँडल जरा वर उचलून..."

"अरे ए!"

जावईबापूंनी मागे वळून पाहिलं. मेहुणा हातात कुऱ्हाड घेऊन उभा होता आणि तो त्यांच्याशीच बोलत होता.

"सरक तिथून, ढ माणसा! माशांची जागा खाल्लीस, इंजिनावर स्वयंपाकघर थाटलंस, आणि आता दारात उभा राहून भाषण ठोकतोस होय रे? अक्कल काय ऑफिसात ठेवून आलास? जा, पुढे जाऊन नांगराचा दोर धर! धर म्हणतो ना, बघत काय बसलास!"

जावईबापू धावले. आयुष्यात ते असे धावले नव्हते, एकदा पेन्शनच्या शिबिराला उशीर झाला होता तेवढं सोडून. त्यांनी दोर धरला, नांगर पाण्यात गेला, दोर तळहाताची सालं काढत सरसरत सुटला आणि तरीही त्यांनी तो सोडला नाही. मागे कुऱ्हाडीचे घाव पडत होते. वहिनींच्या कल्पक मिस्त्रीचं काम बरंच मजबूत होतं, त्यामुळे घाव पुष्कळ पडले. खडक इतके जवळ आले की त्यावरचे शिंपले दिसायला लागले, आणि त्या सगळ्याच्या वर जावईबापूंच्या मनात एक अगदी निर्लज्ज आनंद उसळत होता. त्याने त्यांना 'अरे' म्हटलं होतं. ढ म्हटलं होतं. दोर धर म्हटलं होतं!

झाकण उघडलं, चावी फिरली, इंजिन धडधडायला लागलं. बोट वाचली. त्या दिवशी मासे काही मिळाले नाहीत.

परतताना किनारा जवळ आला तसा मेहुणा जावईबापूंजवळ आला आणि त्याने हात जोडले. "भाऊजी, तोंडातून गेलं. माफ करा. आईला कळू देऊ नका."

"अरे, मला राग नाही आला!" जावईबापू म्हणाले. "उलट... पुन्हा एकदा म्हण ना."

"काय म्हणू?"

"ते, ढ माणसा."

"भाऊजी, लाजवू नका हो," मेहुणा म्हणाला आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला गेला. जावईबापूंना रडू आलं.

किनाऱ्यावर सासूबाई वाट बघत होत्या, शेजारी त्यांची थोरली लेक. सासूबाईंनी वर चढून तो लाकडांचा ढीग पाहिला. त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. "मिस्त्रीला बोलवा," त्या म्हणाल्या. "जावईबापूंनी हौसेने केलंय. त्यांनी केलं होतं तसंच पुन्हा झालं पाहिजे."

इंजिनवाल्याने भिंतीवरचा आरसा काढून काखेत धरला. "मालक, मी दुसरी बोट बघतो," तो म्हणाला. त्याच्या मागे दोन खलाशी उतरले. मेहुणा आईकडे बघत उभा राहिला. त्याचं वर्ष त्याच्या समोर शिडीवरून उतरून चाललं होतं आणि तो एक शब्द बोलत नव्हता.

जावईबापूंना तो शब्द बोलणं भाग होतं. "आई, हे सगळं काढून टाकायला हवं. माझी चूक झाली."

"चूक बोटीची असेल," सासूबाई म्हणाल्या.

"नाही हो, माझीच. मी जमिनीवरच्या बोटीला पाणसळ लावली."

"मग जमिनीची असेल. तुम्ही कशाला मनाला लावून घेता? दमला असाल."

"मी माशांची जागा घेतली, इंजिनाचं झाकण बंद केलं, आज तुमचा मुलगा खडकावर आपटून..."

"समुद्र खवळला असेल," सासूबाई ठामपणे म्हणाल्या. समुद्र त्या वेळी अगदी ताटातल्या पाण्यासारखा होता.

जावईबापूंनी आयुष्यात पहिल्यांदा चूक कबूल केली होती, आणि ती घ्यायला कोणी तयार नव्हतं. ऑफिसात त्यांनी लोकांचे कितीतरी अर्ज असे परत केले होते. त्यांनी हताश होऊन बायकोकडे पाहिलं.

ती पुढे आली. "आई, पुरे झालं आता. हा माणूस गाढव आहे."

इंजिनवाला आरशासकट थांबला.

"घरी साधी कडी बसवता येत नाही याला," बायको म्हणाली, आणि बोलता बोलता तिचा आवाज चढला. "आणि तुम्ही 'हो भाऊजी', 'बरोबर भाऊजी' करून याला बोट दिलीत! माझा भाऊ मेला असता आज. कोणीतरी याला सांगा ना, की हे तुला जमत नाही!"

सासूबाई लेकीकडे बघत राहिल्या. मग जावईबापूंकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, पाहुणे गेल्यावर माणसाच्या चेहऱ्यावरून उतरतं तसं.

"गाढव आहे हे मला लग्न ठरलं त्याच दिवशी कळलं होतं," त्या लेकीला म्हणाल्या. "आपलं दार ढकलायचं असतं, हा किती वेळ ओढत उभा होता. पण तुझं मन बसलं होतं त्याच्यावर. म्हटलं, असू दे. फक्त घरातल्या कशाला हात लावू द्यायचा नाही."

जावईबापूंच्या सोललेल्या तळहातापेक्षा हे जास्त झोंबलं. तीस वर्षांचा मान तो मान नव्हताच, खबरदारी होती. ते खाली मान घालून उभे राहिले. त्यांना फार वाईट वाटत होतं आणि हलकंही वाटत होतं. यातलं नेमकं कोणतं जास्त, ते त्यांना ठरवता येईना.

"चल," मेहुणा म्हणाला.

जावईबापूंनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांच्या मागे कोणी नव्हतं.

"तुलाच म्हणतोय. तो सोफा आधी बाहेर काढू. तू तिकडून धर, मी इकडून. आणि मी तीन म्हटल्याशिवाय उचलू नकोस, कळलं का?"

'तू' ऐकून जावईबापूंना इतकं भरून आलं की त्यांनी दोनलाच उचललं. सोफ्याचं दुसरं टोक मेहुण्याच्या पायावर पडलं. त्यावर मेहुणा जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. इंजिनवाल्याने तर नुसतं ऐकून आरसा खाली ठेवला. सासूबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि मुलाचा दम संपला तेव्हा त्याला एक शब्द सुचवला.